सतारीचे पडदे

घरातील वस्तूंची मनाशी गणती करू लागले, तर त्यांचे सरळ दोन वर्ग पडतात. काही वस्तू माणसाची सेवा करतात, पण त्याच्याकडून सेवेची अपेक्षा धरीत नाहीत. पाटा-वरवंटा, पितळी तांब्या, भिंतीतील खुंटी ही या वर्गातील मंडळी. वर्षानुवर्षे कोणी त्यांची विचारपूस केली नाही, तरी त्यांचे काही बिघडत नाही. दुसऱ्या वर्गातील वस्तू मात्र मानी असतात. त्यांच्याकडे पाठ फिरवली की त्या रुसतात आणि कोपऱ्यात बसल्या बसल्या झुरू लागतात. या मानी वस्तूंत तंतुवाद्याचा मान पहिला. न वाजवलेली सतार जशी ठेवली तशी कधीच राहत नाही. तिच्या तारांवर गंज चढतो, खुंट्या दमट हवेने फुगून अडून बसतात आणि पडद्यांचे दोरे कुजून सैल पडतात.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावी अशीच एक सतार दोन पावसाळे गवसणीत पडून होती. तिचे धनी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ. नोकरीच्या काळात बदली होईल तेथे ही सतार त्यांच्याबरोबर जाई. मैफलीत बसण्याची हौस त्यांना नव्हती. दिवेलागणीनंतर घटकाभर स्वतःपुरते वाजवावे आणि वाद्य पुसून ठेवावे, एवढाच त्यांचा नेम होता. वाद्याची लहानसहान दुरुस्तीही ते स्वतःच करीत. पुढे वार्धक्याने त्यांचे हात कापू लागले. तार छेडणे एक वेळ जमे, पण दोऱ्याला गाठ मारणे जमेना. तेव्हा त्यांनी मनाशी एक निर्णय घेतला. दिवाळी झाली की सतार मिरजेला न्यावयाची आणि एखाद्या शिकणाऱ्या मुलासाठी तेथील कारागिरांच्या स्वाधीन करून यावयाची.

"वाद्याला धनी नको, राखणदार हवा," ते म्हणत. "राखण होत नसेल, तर घरात ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही."

त्यांची नात त्या वर्षी नववीत होती. शाळेतल्या बाईंकडून ती पेटीवर स्वर ओळखावयास शिकली होती, आणि आजोबांच्या सतारीवर दोन-चार अलंकारही वाजवीत असे. सतार जाणार हे ऐकून ती रडली नाही, की हट्ट धरून बसली नाही. तिने एवढेच विचारले, "आजोबा, गाठ मारायला मी शिकले तर?"

आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिले आणि म्हटले, "दिवाळीला अजून तीन महिने आहेत. बघू."

सतारीचा पडदा ही दिसावयास अगदी साधी वस्तू आहे. धातूची एक बारीक कांब कमानीसारखी वाकवलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांशी दोरा बसण्यापुरती खाच असते. अशा 19 किंवा 20 कमानी दांडीवर ओळीने बसवलेल्या असतात. त्यांच्यावरून मुख्य तारा जातात आणि त्यांच्या पोटाखालून तरफेच्या बारीक तारा जातात. पडद्याला खिळा नसतो, की सरस नसतो. दांडीच्या पाठीमागून फिरवलेल्या दोऱ्याच्या ताणावरच तो उभा असतो. म्हणूनच तो गरजेप्रमाणे वर-खाली सरकवता येतो. मधल्या सप्तकात कोमल ऋषभाला व कोमल धैवताला बहुधा वेगळा पडदा नसतो. ज्या रागात ते स्वर लागतात, त्या रागासाठी शुद्ध स्वराचा पडदाच मेरूच्या बाजूला सरकवून घ्यावा लागतो.

गिटारीची तऱ्हा याहून निराळी. तिचे पडदे दांडीत खाचा पाडून ठोकून बसवलेले असतात. ते झिजले तर लांब कानशीने सर्वांची माथी एका पातळीत आणून पुन्हा गोलसर करावी लागतात. फारच झिजले तर उपटून नवे ठोकावे लागतात. त्यांची अंतरे मात्र गणिताने ठरलेली असतात. प्रसिद्ध ज्योतिर्विद गॅलिलिओ याचे वडील विंचेन्झो गॅलिली हे ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवीत. त्यांनी 1581 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक सोपा नियम सांगितला आहे: तारेच्या उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बसवावा. असे बारा वेळा केले म्हणजे तार जवळजवळ निम्मी होते आणि वरच्या सप्तकाचा स्वर मिळतो. मौजेची गोष्ट अशी की, हा नियम सांगणाऱ्या गॅलिलींच्या काळी ल्यूटचे पडदेही दांडीभोवती गुंडाळून बांधलेलेच असत. पुढे गिटारीने आपले पडदे लाकडात कायमचे रोवले. सतारीने मात्र दोरा सोडला नाही.

नातीच्या शिक्षणाची सुरुवात बाजारातून दोरा आणण्यापासून झाली. पूर्वी आजोबा मेण लावलेला सुती दोरा वापरीत. पण समुद्राकाठच्या हवेत तो फार दिवस टिकत नाही. आता त्यांनी तिला मासे धरण्याच्या गळाचा नायलॉनचा दोरा आणावयास सांगितले. जेट्टीवरच्या दुकानदाराने, "कुठला मासा धरणार?" असे विचारले, तेव्हा तिने गंभीरपणे सांगितले, "गंधार." दुकानदाराला ते नाव कोणत्या माशाचे हे कळले नाही, पण दोरा त्याने चांगला दिला.

"एका वेळी एकच पडदा सोडायचा," आजोबांनी पहिला नियम घालून दिला. "सगळे एकदम सोडलेस, तर गावातले सगळे लोक एकाच दिवशी घर बदलून बसल्यासारखे होईल. कोण कुठे राहत होते, ते सांगायला कुणी उरणार नाही."

तिने पडद्याच्या जागी दांडीच्या कडेला कागदाची बारीक चिठ्ठी चिकटवली. मुख्य तारा सैल केल्या, कुजलेला दोरा कापला आणि पडदा अलगद काढून घेतला. पितळेवर काळपट थर चढला होता, तो चिंचेच्या कोळाने घासून पडदा धुऊन कोरडा केला. मग तो तारांच्या खालून आणि तरफेच्या वरून सरकवून पुन्हा जागेवर धरला. दोरा एका खाचेतून दांडीच्या पाठीमागे न्यावयाचा, दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणावयाचा, पुन्हा उलट न्यावयाचा. वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसले पाहिजेत. दांडीच्या एका बाजूस तरफेच्या खुंट्या असतात, त्यांच्या मधल्या फटीतून दोरा काढावा लागतो. हे सारे सांगावयास सोपे. पण दोरा ताणून धरावा तर पडदा कलंडे, आणि पडदा सावरावा तर दोरा ढिला पडे. दोन हातांच्या कामाला तिसरा हात हवा असे वाटू लागे. आजोबांचा कापरा हात मदतीला येई खरा, पण त्याचा उपयोग होत नसे, हे दोघांनाही कळत होते आणि दोघेही ते बोलत नव्हते.

पहिल्या दिवशी तिने सुरगाठ मारली. तार दाबून जराशी ओढताच पडदा घसरला. दुसऱ्या दिवशी तिने सर्व बळ लावून निरगाठ मारली. दोऱ्याने बोटावर तांबडा वळ उमटला. पडदा मात्र असा पक्का बसला की स्वर चुकलेला दिसूनही तो तसूभर हलेना.

आजोबा हसून म्हणाले, "सैल बांधलेला पडदा आपली जागा सोडतो, आणि आवळून बांधलेला पडदा आपली चूक सोडत नाही. अंगठ्याने रेटला तर सरकेल आणि नुसती तार ओढली तर हलणार नाही, एवढाच ताण हवा. तो ताण सांगता येत नाही. तो बोटाला कळतो."

बोटाला तो कळावयास पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत तिने एकच पडदा किती वेळा सोडला आणि बांधला याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

पडदा बांधणे हा कामाचा अर्धा भाग झाला. तो योग्य जागी आणणे हा दुसरा आणि अधिक नाजूक भाग. नातीला गणिताची आवड. तिने टेपने तार मोजली. मेरूपासून घोडीपर्यंत ती 90 सेंटिमीटर भरली. सतारीची बाजाची तार मध्यमात मिळवलेली असते. तेव्हा तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे 45 सेंटिमीटरवर, वरच्या सप्तकातील मध्यम लागावा; मेरूपासून 30 सेंटिमीटरवर षड्ज लागावा; आणि 10 सेंटिमीटरवर खालचा पंचम लागावा. हिशेब चोख होता. त्याप्रमाणे तिने षड्जाचा पडदा आणून ठेवला आणि तार छेडली. स्वर किंचित चढा लागला.

"पट्टी खोटी, की सतार खोटी?" तिने विचारले.

"दोन्ही खऱ्या," आजोबा म्हणाले. "पण पट्टीने मोजलीस ती मोकळी तार. वाजवतेस ती दाबलेली तार. दाबताना ती ताणली जाते, आणि ताणलेली तार चढी बोलते. म्हणून पडदा थोडा मेरूकडे सरकव. किती सरकवायचा ते जोडाच्या तारेला विचार."

जोडाची तार खालच्या षड्जात मिळवलेली असते. दोन्ही तारा एकदम छेडल्या की स्वरात आधी एक कंप ऐकू येतो, वाऱ्याने हेलकावणाऱ्या दिव्याच्या ज्योतीसारखा. पडदा योग्य जागेच्या जवळ येऊ लागला म्हणजे तो कंप मंदावतो आणि नेमक्या जागी थांबतो. त्या क्षणी आणखी एक गोष्ट घडते. त्या स्वरात मिळवलेली तरफेची तार कोणी न छेडता आपोआप गुणगुणू लागते. नातीने ती गुणगुण प्रथम ऐकली, तेव्हा तिने दचकून तारेवरचे बोट काढून घेतले. आजोबांनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "आता बरोबर आहे."

स्वर दाखवणारे साधन हल्ली मोबाइलमध्येही मिळते. नातीने तेही लावून पाहिले. षड्ज-पंचमाच्या बाबतीत यंत्राचे आणि आजोबांच्या कानाचे जवळजवळ एकमत झाले. गंधाराशी मात्र वाद निर्माण झाला. यंत्राने मान्य केलेला शुद्ध गंधार आजोबांना चढा वाटे, आणि आजोबांनी मान्य केलेला गंधार यंत्राला उतरलेला वाटे. या वादात कोणीच चुकत नव्हते. पेटी किंवा गिटार यांच्यासाठी सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, आणि यंत्र तेच प्रमाण मानते. षड्जाशी 5 : 4 या नैसर्गिक प्रमाणात लागणारा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाएवढा, खाली असतो. एवढे सूक्ष्म अंतर पाळण्याची मुभा दोऱ्याने बांधलेला पडदाच देऊ शकतो. नातीने यंत्र बाजूला ठेवले आणि गंधार कानाने लावला.

भाद्रपद लागेपर्यंत सर्व पडदे बांधून झाले. मग एक नवीन अडचण पुढे आली. वर्षानुवर्षे मींड काढताना पोलादी तार पडद्यांवरून आडवी ओढली जाते. त्यामुळे काही पडद्यांवर बारीक चरे पडले होते, आणि तार त्यांत अडकून खरखरत होती. असे पडदे काढून कानशीने हलकेच घासावे, मग बारीक पॉलिशपेपरने आरशासारखे गुळगुळीत करावे, असा उपाय. पण या कामाला एक मर्यादा असते. पडदा घासला की त्याची उंची कमी होते; आणि तो शेजाऱ्यापेक्षा फार बुटका झाला, तर त्यावर दाबलेली तार पुढच्या उंच पडद्याला लागून कुरकुरते.

नातीचा हात आता बसला होता, आणि हात बसला की घाई सुचते. एका पडद्यावरचा चरा खोल होता. तो पुरता नाहीसा करण्याच्या नादात तिने कानस अधिक फिरवली. पडदा सुरेख चमकला, पण बांधल्यावर तो स्वर बोलेना. ती हिरमुसून बसली. घासलेला धातू काही परत येत नाही.

आजोबांनी तो पडदा हातात घेतला आणि बराच वेळ बोटाने चाचपून पाहिला. मग ते म्हणाले, "याला शेवटची जागा दे. तिथे याच्या पुढे दुसरा पडदा नाही. तार कुणाला लागायची नाही. आणि शेवटचा उंच आहे, तो इकडे आण." त्याप्रमाणे अदलाबदल केली. दोन्ही पडदे बोलू लागले. बुटका झालेला तो पडदा आजही त्या शेवटच्या जागी आहे.

इतके झाल्यावर सतार सुरात आली, पण तिचा आवाज पूर्वीसारखा घुमेना. तो कोंडल्यासारखा, बंद बंद येई. नातीने ओळखले की दोष आता पडद्यांत नसून घोडीवर आहे. तारांनी घोडीच्या पृष्ठभागावर खाचा पाडल्या होत्या. कानस हाताशी होती, पॉलिशपेपर होता, आणि आत्मविश्वासही होता. तिने कानस उचलली, तोच आजोबा म्हणाले, "नाही. ते काम आपले नव्हे."

इतक्या दिवसांत त्यांनी तिला कशालाही नाही म्हटले नव्हते.

घोडीचा जो किंचित उतरता, गोलसर माथा असतो, त्याच्या घडणीला जवारी म्हणतात. पूर्वी घोडी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची करीत. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचे कायदे आल्यावर हाड, काळे लाकूड व कृत्रिम द्रव्ये यांचा उपयोग होऊ लागला. तार या माथ्यावर एका बिंदूशी टेकत नाही. कंप पावताना ती त्याच्या उतारावर सारखी घासत असते, आणि त्या स्पर्शातून सतारीचा तो झंकार उमटतो. थोर शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली वीणा व तंबोरा यांच्या अशाच घोड्यांविषयी एक निबंध लिहिला. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा नियम आहे. पण या वाद्यांत तेही स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या रचनेत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. ज्या उताराने शास्त्रज्ञांना विचार करावयास लावले, तो उतार मिरजेचे कारागीर हाताने घडवीत आले आहेत. केसाइतका भाग अधिक घासला गेला, तर सारी घोडी वाया जाते. पडदा चुकला तर त्याला शेवटची जागा देता येते. जवारीला दुसरी जागा नसते.

दिवाळीनंतर ठरल्याप्रमाणे सतार मिरजेला निघाली. आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे जाताना नातीने ती सारा वेळ मांडीवर धरली होती. मिरजेची सतारमेकर गल्ली ही मोठी नामांकित जागा आहे. एके काळी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागीर एकोणिसाव्या शतकात वाद्ये घडवू लागले. त्या गावची सतार व तंबोरा यांना 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे तेथे येतात आणि वाद्य होऊन देशोदेशी जातात.

तेथील एका वृद्ध कारागिराने सतार पुढ्यात घेतली. त्याने तारा उतरवल्या, घोडीवर कानशीचे दोन-तीन हलके हात दिले, तारा चढवल्या, कान देऊन ऐकले आणि पुन्हा उतरवल्या. असे त्याने कितीदा तरी केले. नात एकटक पाहत होती. आपण कानस उचलली होती ती कोणत्या कामासाठी, हे तिला आता समजत होते. तिसऱ्या प्रहरी तार छेडली गेली, आणि आजोबांच्या घरात दोन वर्षे न उमटलेला झंकार त्या लहानशा दुकानात भरून राहिला.

कारागिराने मग पडद्यांवरून अंगठा फिरवला. एकदोन पडदे त्याने रेटून पाहिले. "हे कुणी बांधले?" त्याने विचारले.

आजोबांनी नातीकडे बोट केले.

कारागिराने पडद्यांना हात लावला नाही. गाठींजवळ दोऱ्याची टोके मात्र काट्यांसारखी बाहेर आली होती, ती त्याने ब्लेडने कापली. नंतर उदबत्ती पेटवून तिचा निखारा एकेका टोकाला लावला. नायलॉन वितळून तेथे मोहरीएवढा मणी तयार झाला. "आता गाठ सुटणार नाही आणि हातालाही टोचणार नाही," तो म्हणाला. "पुढच्या वेळी अशी करा, बाळ."

पुढच्या वेळी, असे तो म्हणाला होता. आजोबांनी ते ऐकले. सतार कोणाच्या स्वाधीन करावयाची, हा प्रश्न त्यांनी तेथे काढलाच नाही. त्यांनी मजुरीचे पैसे दिले आणि नातीला गवसणी पुढे केली.

ज्याला दुरुस्ती येते, त्याचे वाद्य टिकते, एवढाच या कामाचा लाभ नव्हे. स्वतः पडदा बांधणाऱ्याला स्वर आयता मिळत नाही. तो शोधावा लागतो, आणि शोधलेला स्वर कान सहसा विसरत नाही. आपला हात कोठवर जावा आणि कोठे थांबावा, हेही त्याला कळते. कानस चालवणे हे जसे शिक्षण आहे, तसेच उचललेली कानस खाली ठेवणे हेही शिक्षणच आहे. त्या घरात आता दर वर्षी पाऊस सरला की जेट्टीवरून गळाचा दोरा येतो, आणि गाठी मारून झाल्या की देवघरातील उदबत्ती थोडा वेळ सतारीपाशी आणली जाते.